बलरामदादाची उन्हाळ्याची सुट्टी

आजचं चिंतन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ६५



मे महिना म्हणजे रजेचे अर्ज, वेटिंगवरची तिकिटं आणि घरोघरी एकच चर्चा : यंदा कुठे जायचं? मनाली, केरळ, की नेहमीसारखं गावी? आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही हा प्रश्न आला. एकाने लिहिलं, "४२ डिग्रीत सोलापूरला जाऊन करायचं काय?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. मे महिन्यात दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

आणि वाचनाच्या क्रमात नेमका आज हा अध्याय आला. याच्यात चक्क उन्हाळ्याची सुट्टी आहे.

कथा थोडक्यात अशी. कृष्ण-बलराम गोकुळ सोडून मथुरेला गेले, तिथून द्वारकेला. राज्य आलं, लढाया झाल्या, लग्नं झाली, मुलंबाळं झाली. मध्ये कितीतरी वर्षं गेली. मग एके दिवशी बलरामाला जुन्या माणसांना भेटायची फार ओढ लागली. त्याने रथ काढला आणि तो थेट नंदबाबांच्या गोकुळात गेला. भागवतकार महिनेसुद्धा सांगतात : मधु आणि माधव, म्हणजे चैत्र आणि वैशाख. दोन महिने तो तिथे राहिला. शास्त्राप्रमाणे हा वसंत ऋतू, पण आमच्या सोलापूरकडे चैत्र लागला की चटके सुरू. म्हणून मी याला गमतीने बलरामदादाची उन्हाळ्याची सुट्टी म्हणतो.

आता बघा, पोचल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं? आपण काय करतो? "इथे झाड होतं, ते कुठे गेलं? विहीर बुजवली वाटतं. अरे, हे अंगण केवढंसं आहे!" आपण जागा तपासत सुटतो. बलरामाने आधी नंद-यशोदेला नमस्कार केला. त्यांनी या एवढ्या मोठ्या, बायकोमुलांच्या माणसाला मांडीवर घेतलं आणि डोळ्यांतल्या पाण्याने भिजवलं. मग तो वडीलधाऱ्या गोपांच्या पाया पडला. लहानांनी त्याला नमस्कार केला. ज्याचं जसं वय, जशी मैत्री, जसं नातं, तसा तो प्रत्येकाला भेटला. कुणाचा हात हातात घेतला, कुणाशी हसला. यमुनेचा प्रसंग या अध्यायात आहेच, पण तो नंतर. आधी माणसं.

मग सगळे त्याच्याभोवती बसले आणि गोपांनी एक प्रश्न विचारला. त्याचा भाव असा : रामा, तुम्हा सगळ्यांना आता बायकामुलं झाली. आमची आठवण येते का रे?

गोपींनी तर कृष्णाबद्दल याहून थेट विचारलं : तो आपल्या आईला बघायला एकदा तरी येईल का?

मंडळी, हा अध्याय इथेच थांबवून दोन मिनिटं शांत बसावं. कारण हा प्रश्न कुणीतरी आपल्यालाही विचारतंय. तोंडाने विचारत नसेल. "जेवलास का? ऑफिस कसं चाललंय? पिल्लू कितवीत गेलं?" या सगळ्यांच्या खाली तोच एक प्रश्न असतो.

ग्रुपवर शेवटी सोलापूर ठरलं. कारण वेगळं होतं. साखर पेठेतलं मामाचं जुनं घर दिवाळीनंतर पाडायला जाणार आहे. मामा-मामी मुलाकडे राहायला जातील. म्हणजे या घरातला हा शेवटचा मे.

पुण्याहून जाताना भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी सुरू होतं. त्या पाण्यात पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर आहे. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं वर नव्या जागी राहायला आली. ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जातं, त्या वर्षी ते दगडी मंदिर पुन्हा उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. मला नेहमी वाटतं, त्यांच्यात एखादे आजोबा असतील, जे या मंदिराच्या पायऱ्यांवर खेळले असतील. दोन-तीन आठवडे आपलं बालपण कोरड्या जमिनीवर उभं राहिलेलं बघायचं, पाऊस लागला की पुन्हा पाणी. त्यांनी काय करावं? धरणावर रागवावं? बोअरचंही पाणी नसलेल्या किती शेतांना त्याच धरणाने पाणी दिलं.

माझी सात वर्षांची मुलगी मामाच्या घरात शिरली आणि म्हणाली, "बाबा, एवढ्याशा अंगणात तुम्ही क्रिकेट खेळायचात?" खरंय. आमच्या वेळी ते वानखेडे होतं. शेजारी मागाचा कारखाना होता. सोलापूरच्या पूर्व भागात, विशेषतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, मागाची खटखट म्हणजे घड्याळासारखी. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आमच्या जन्माआधीच बंद पडली होती, पण चादरी-टॉवेलचे यंत्रमाग सगळीकडे होते. कापसाचे तंतू हवेत उडत यायचे आणि दोरीवरच्या कपड्यांना चिकटायचे. मामी संध्याकाळी झटकत बसायची. यंदा शेजारचे माग बंद होते. एवढी शांतता की मला पहिल्या रात्री झोपच लागली नाही.

इथे आपल्यासारख्या साधना करणाऱ्या तरुण मंडळींना एक शंका येते. मलाही आली. हे सगळं मोहच ना? घर, अंगण, आजोळ ही मायाच. मग त्यात कशाला अडकायचं? त्यापेक्षा सुट्टीत एखादं शिबिर करावं, नामजप वाढवावा.

मला या अध्यायाने उत्तर दिलं ते असं. बलराम कोण? साक्षात शेष. त्याला मोह कशाचा? तरी तो रथ जोडून गेला, पाया पडला, दोन महिने राहिला. म्हणजे जुन्या माणसांकडे जाणं हा मोह नव्हे. मोह आणि कृतज्ञता बाहेरून सारख्या दिसतात, दोघींच्याही डोळ्यांत पाणी येतं. पण मोह म्हणतो, "हे माझं आहे, ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे." कृतज्ञता म्हणते, "माझ्याकडे जे आहे, ते इथून आलं." मोहाला जागा बदललेली सहन होत नाही. कृतज्ञतेला जागा नसली तरी चालतं, कारण तिचे हात जोडलेले असतात ते माणसांसमोर.

याचा पुरावा पुढे ८२व्या अध्यायात आहे. गोपींनी विचारलं होतं ना, कृष्ण येईल का? भागवतात कृष्ण पुन्हा गोकुळात राहायला गेल्याचं वर्णन नाही. पण भेट झाली. मोठं सूर्यग्रहण आलं आणि सगळा देश स्नानाला कुरुक्षेत्री जमला. द्वारकेहून यादव आले. नंदबाबांना कळलं, तेही गाड्या जोडून गोपांसह पोचले. (२१ जून २०२० चं कंकणाकृती सूर्यग्रहण आठवतं? त्याचा पट्टा याच कुरुक्षेत्रावरून गेला होता, पण करोनामुळे नेहमीसारखी यात्रा भरली नाही. त्या उन्हाळ्यात आपल्यापैकीही कुणाला गावी जाता आलं नव्हतं.)

तिथे ना गोकुळ, ना कदंब, ना यमुना. मोकळं मैदान आणि यात्रेची गर्दी. तरीही कृष्ण-बलरामांनी आईबाबांना मिठी मारली आणि दोघांचेही कंठ दाटून आले. गीता सांगणारा तो, त्याला त्या क्षणी शब्द फुटला नाही. म्हणजे गोकुळ कुठे होतं? यशोदेच्या मांडीवर. ती जिथे बसेल तिथे.

आणि आता या प्रसंगातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट. देवकी आणि रोहिणी यशोदेला भेटतात. देवकी जन्मदात्री आई, यशोदा सांभाळणारी. मत्सराला केवढी जागा होती! पण त्या दोघी यशोदेला म्हणतात, इंद्राचं ऐश्वर्य दिलं तरी तुमचे उपकार फिटणार नाहीत. पापण्या डोळ्यांना जपतात तसं तुम्ही या पोरांना जपलंत.

आमच्या आजोळी दर मे महिन्यात तीन बहिणींची सात मुलं आणि मामीची स्वतःची दोन, अशी नऊ पोरं दीड महिना असायची. आम्ही "मामाचं घर, मामाचं घर" म्हणत मोठे झालो. नाव मामाचं, पण पहाटे उठून नऊ जणांच्या भाकऱ्या थापणारी मामी. शेंगा कुटून चटणी करणारी मामी. कुणाला कांजिण्या आल्या तर रात्रभर उशाशी बसणारी मामी. तिला स्वतःच्या माहेरी जायलाही मे महिनाच असायचा, आणि तो आमच्यात जायचा. हे गणित आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मुलांच्या ते लक्षात येत नाहीच.

शेवटच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे सिद्धेश्वरांच्या दर्शनाला गेलो. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवलं आणि नगरात अडुसष्ट लिंगं स्थापन केली, ही आपली परंपरा. मुलं तळ्यातले मासे बघत होती. कट्ट्यावर बसून आई अचानक मामीला म्हणाली, "वहिनी, आमची पोरं तुम्ही वाढवलीत. आम्ही कधी बोललो नाही." मामी गडबडली. "काय वन्सं, असं काय बोलता! घरचीच पोरं होती की," म्हणाली आणि पदराने डोळे पुसून मुलांना हाका मारायला उठली. इतकंच झालं. एक मिनिटही नसेल. पण ज्या कामासाठी आम्ही ४२ डिग्रीत आलो होतो, ते काम ते होतं असं मला वाटतं. घर अजून उभं होतं आणि बोलायचं ते बोलून झालं.

कुरुक्षेत्री कृष्ण गोपींना एकांतात भेटला तेव्हा त्याने एक दाखला दिला. वारा जसा ढगांना, गवताला, कापसाला, धुळीला एकत्र आणतो आणि पुन्हा वेगळं करतो, तसा भगवंत जिवांना एकत्र आणतो, दूर करतो. कापूस हा शब्द वाचला आणि मला दोरीवरच्या कपड्यांना चिकटलेले ते तंतू दिसले. त्या अंगणात नऊ पोरं एकत्र आली ती काही आमच्या प्लॅनिंगने नाही. वाऱ्याने आणली. आज कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूत, एक जण टोरांटोत. तेही त्याच वाऱ्याने. एकत्र आणणाराही तोच आणि दूर नेणाराही तोच, हे पटलं की घर पडताना वाईट वाटेल, पण कडवटपणा राहणार नाही.

निघताना मामी म्हणाली, "अजून एक दिवस राहा की." आणि मला ८४वा अध्याय आठवला. कुरुक्षेत्राहून नंदबाबांना निघायचं होतं. पण आज निघू, उद्या निघू करत, राम-कृष्णांच्या प्रेमापोटी, ते तब्बल तीन महिने राहिले. आपल्याला तीन महिने जमणार नाहीत, सोमवारी लॉगिन करायचंच आहे. पण एक "उद्या" द्यायला काय हरकत आहे?

मग रोजच्या जगण्यात काय? इथे गोपींचं मागणं ऐकण्यासारखं आहे. कृष्णाचा सगळा उपदेश ऐकून त्यांनी मोक्ष मागितला नाही, आणि घर सोडायची परवानगीही नाही. त्यांच्या मागण्याचा भाव असा : आम्ही घरात गुंतलेल्या बायका आहोत, तरीही तुझे चरण आमच्या मनात सदैव उमटत राहोत. भाकरी थापताना, पोरांना न्हाऊ घालताना. स्टँडअप मीटिंगमध्ये बसलेल्या आपल्यालाही हेच मागणं जमण्यासारखं आहे.

या सुट्टीसाठी तीन छोटे संकल्प :

१. गावी पोचल्यावर फोटो काढण्याआधी बलरामाच्या क्रमाने भेटायचं. आधी वडीलधारे, मग बरोबरीचे, मग लहान. प्रत्येकाला त्याच्या नात्याने.

२. आपल्या बालपणात एक तरी यशोदा असतेच. मामी, काकू, आत्या, शेजारच्या आजी. तिचं नाव आठवायचं आणि आभार तोंडाने म्हणायचे. मनातल्या मनात नाही. ती आता नसेल, तर तिच्या मुलांना म्हणायचे.

३. "आमची आठवण येते का?" हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच फोन करायचा. आज रात्रीच.

हे द्वारकानाथा, ज्यांनी आम्हाला मांडीवर घेतलं त्यांना आम्ही विसरू नये. जागा जातील, त्या जाऊ देत. त्या जागेत जे प्रेम मिळालं, ते तुझंच होतं हे कळू दे. आणि आम्ही आज जिथे राहतो, त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही कुणाच्या तरी मुलासाठी गोकुळ होऊ दे.

उद्या पुढचा अध्याय.

राम कृष्ण हरी 🙏