आधी एक रजिस्टर बंद करा

शाळेत नवं ॲप आलं की स्टाफरूममधला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यात आता काय भरायचं?" सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही शाळेत तो ऐकू येईल. विचारणारा शिक्षक तंत्रज्ञानाला बिचकतो असं मात्र नाही. दूधवाल्याचे पैसे तो रोज मोबाइलवरूनच देतो. त्याचा प्रश्न अनुभवातून आलेला आहे. २०१५ मध्ये शाळा-विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींसाठी 'सरल' प्रणाली आली. पगारासाठी 'शालार्थ', शाळेच्या माहितीसाठी 'यू-डायस' आणि १ डिसेंबर २०२३ पासून मुलांच्या हजेरीसाठी 'स्विफ्टचॅट'. ऑनलाइन कामं वाढत गेली, कपाटातली रजिस्टरं काही कमी झाली नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच झालं. परिसरातल्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर भरदुपारी संदेश पडतो : 'अतितातडीचे. सोबतच्या लिंकमध्ये आज ५ वाजेपर्यंत माहिती भरावी. नसल्यास निरंक अहवाल द्यावा.' पाटणच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी रेंज शोधत बाहेर पडले की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केलं, तेव्हा प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडणं हाच त्याचा एक भाग होता. ज्या साधनातून नुसते आदेशच येतात, त्यावर बहिष्कार घालावासा वाटणारच.

शिक्षकांना एकत्र काम करायला आवडत नाही, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाने, तो केव्हाच खोटा पाडला आहे. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात हा विचार, वर्गात उतरवला. फरशीवर रंगाने आखलेल्या चौकटी, खडे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, गोल करून बसलेली पोरं. हे बघायला राज्यभरातले शिक्षक येऊन गेले. एका शिक्षकाला सापडलेलं दुसऱ्याच्या वर्गात पोचत होतं. माहितीचा प्रवाह आडवा वाहत होता, वरच्या कार्यालयाकडे नव्हे.

नव्या साधनाची पारखही याच प्रवाहाच्या दिशेवरून करावी. नववीच्या तीन तुकड्यांना विज्ञान शिकवणारे दोघे घटक चाचणीचे प्रश्न एकाच फाइलमध्ये साठवू लागले, तर दोघांचेही श्रम वाचतात. कोणी रजेवर गेलं, तर ऑफ तासाला आलेल्या शिक्षकाला "कुठपर्यंत झालंय रे?" असं पोरांना विचारावं लागत नाही. पण त्याच फाइलवर 'कोणी किती भरलं' याची तपासणी सुरू झाली की तिची टाचणवही होते. टाचणवही मुळात शिक्षकाच्या स्वतःच्या तयारीसाठी होती. बऱ्याच ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या सहीसाठी लिहिली जाते. सहीसाठी लिहिणारा माणूस आपला फसलेला पाठ कधीच लिहीत नाही, आणि सहकाऱ्याला खरा उपयोग असतो तो त्या फसलेल्या पाठाचाच. म्हणून अशा फाइलमध्ये पहिलं अर्धवट, खाडाखोड केलेलं पान मुख्याध्यापकांनी स्वतः टाकावं. प्रशिक्षणाच्या दोन तासांपेक्षा त्याने जास्त काम होईल.

साधन कधी बंद ठेवायचं, तेही सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ते करून दाखवलं. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलांच्या अभ्यासासाठी केलेला हा नियम गावाने मोठ्यांनाही लावला. नुसता पोरांवर लादला असता तर टिकला नसता. शिक्षकांच्या ग्रुपला मात्र अजून असा भोंगा नाही; रात्री दहालाही लिंक येते.

तेव्हा नवं साधन आणणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : उद्यापासून कोणतं रजिस्टर बंद, किती वाजल्यानंतर संदेश बंद, आणि इथे लिहिलेलं कोणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही. यातली एकही गोष्ट सांगता येत नसेल, तर ते साधन इतक्यात आणू नये.