श्रोत्याचे देणे

ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचल्यानंतर संगीत ऐकण्यासाठी घराबाहेर पडण्याची गरज खरे तर उरली नाही. घरी गाणे अधिक निर्दोष ऐकू येते, हवे तेव्हा थांबवता येते, पुन्हा लावता येते. तरीही आवडता बँड आपल्या शहरात येणार असे कळताच माणसे तिकिटासाठी धडपडतात, दूरचा प्रवास करतात आणि पाठ असलेलीच गाणी ऐकायला हजारोंच्या गर्दीत उभी राहतात. ही निव्वळ हौस आहे असे म्हणून तिचा निकाल लावता येईल. परंतु तिच्यामागे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे अतिशय प्रिय आहे त्याच्यासमोर मनुष्य जातो, तेव्हा तो केवळ घेण्यासाठी जातो, की त्याचेही तेथे काही देणे लागते?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण बीटल्सच्या इतिहासात सापडते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्यांना पाहण्यासाठी सुमारे ५५,६०० श्रोते जमले होते. त्या विस्तीर्ण क्रीडांगणात ध्वनिक्षेपणाची तत्कालीन यंत्रणा तोकडी पडली आणि श्रोत्यांच्या किंकाळ्यांत गाणे बुडून गेले. अशा कार्यक्रमांत रिंगो स्टारला सोबत्यांच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले याचा अंदाज घ्यावा लागे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांचा 'रिव्हॉल्व्हर' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यातील अमेरिकेच्या दौऱ्यात त्यातले एकही गाणे त्यांनी सादर केले नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये ११ गाणी म्हणून त्यांनी दौऱ्यांना कायमचा निरोप दिला. दौऱ्यांचा शीण होता, त्या वर्षी आलेल्या धमक्या होत्या, ध्वनिमुद्रणशाळेतील नव्या प्रयोगांची ओढ होती. परंतु जेथे कोणी ऐकतच नाही तेथे वाजवायचे कशासाठी, हा प्रश्नही होता. ज्यांनी त्यांच्यावर सर्वाधिक प्रेम केले, त्यांच्याच प्रेमाने त्यांना व्यासपीठावरून दूर केले.

तथापि त्या किंकाळ्यांना केवळ असभ्यता ठरवणे अन्यायाचे होईल. किंचाळणाऱ्यांत बहुसंख्य किशोरवयीन मुली होत्या. ज्यांना सर्वत्र हळू बोलण्याची शिकवण मिळाली होती, त्यांना तेथे मोठ्याने ओरडण्याची मुभा मिळाली. ती त्यांची स्वतःची अभिव्यक्ती होती. तिचे मूल्य मान्य करूनही एक गोष्ट उरते. दुसऱ्यावरील प्रेम व्यक्त करताना त्या दुसऱ्याचाच आवाज ऐकू येईनासा झाला, तर त्या प्रेमाचा विषय तो दुसरा राहतो की प्रेम करणारा स्वतः? हा प्रश्न संगीतापुरता मर्यादित नाही. पालक, शिष्य, भक्त, अनुयायी या सर्वांच्या संबंधांत तो कधी ना कधी उभा राहतो.

भारतीय काव्यशास्त्राने प्रेक्षकाला कधीच निष्क्रिय मानले नाही. नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार येतो, आणि ती सिद्धी प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून ओळखायची असते. स्मित, हास्य, वाहवा, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या देणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे. तर रंगगृह भरलेले असूनही जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, ती दैवी सिद्धी. येथे गोंगाट आणि शांतता यांना एकमेकांविरुद्ध उभे केलेले नाही. दोन्ही सिद्धीच आहेत, कारण दोहोंच्या मुळाशी अवधान आहे. मराठी संगीत रंगभूमीवरील 'वन्स मोअर'ने नाटकाचा ओघ तुटे हे खरे. पण पद पुन्हा मागणाऱ्याने ते एकदा ऐकलेले असे. शे स्टेडियमवर पुन्हा मागण्यासारखे काही कानी पडलेच नव्हते.

अवधानाला ज्ञानाची जोड असतेच असे नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल झाली. तिचे आयोजन रविशंकरांच्या विनंतीवरून बीटल्सपैकीच एक असलेल्या जॉर्ज हॅरिसन यांनी केले होते. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्ला रखा वाद्ये जुळवून थांबताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सूर लावणे एवढे आवडले असेल तर वादन त्याहून अधिक आवडेल, अशा आशयाची सौम्य कोटी रविशंकरांनी केली, आणि वादन सुरू झाले. या प्रसंगाची थट्टाच अधिक झाली आहे. वास्तविक त्या श्रोत्यांना माहिती नव्हती, पण त्यांनी कान दिला होता. अज्ञान दूर होऊ शकते; अनवधानावर मात्र कलावंताकडे उपाय नसतो.

अवधान म्हणजे मौनही नव्हे. १९६५ ते १९९५ या काळात दोन हजारांहून अधिक कार्यक्रम करणाऱ्या ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडचे श्रोते नाचत, गात, गावोगाव बँडच्या मागे फिरत. गाणी आणि त्यांचा विस्तार रोज बदले, आणि आज काय वेगळे घडले हे ते श्रोते अचूक सांगत. बँडने श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा दिली. १९८४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा राखली. फितीवर आपला आवाज उमटू नये म्हणून तेथील माणसे शांत राहत, आणि त्या फितींची देवाणघेवाण पैशांविना होई.

आज प्रत्येक हातात चित्रण करणारा दूरध्वनी आहे. बॉब डिलन यांनी २०२२च्या ब्रिटनमधील कार्यक्रमांत ही यंत्रे बंद पिशव्यांत ठेवायला लावली. परंतु दोष यंत्राचा नाही. फीत भरणाराही यंत्रच वापरत होता. फरक हेतूचा आहे. एकाला आजची मैफल जपायची होती; दुसऱ्याला बहुधा आपण तेथे होतो याचा पुरावा हवा असतो. शे स्टेडियमवरील किंकाळीपेक्षा हा पुरावा शांत आहे, इतकेच. त्यातही मनुष्य स्वतःकडेच पाहत असतो.

तबकडीला श्रोत्याची गरज नसते. खोलीत कोणी नसले तरी ती तशीच वाजते. व्यासपीठावरच्या माणसाचे तसे नाही. समोरच्यांनी कान दिला की नाही, यावर त्याचे पुढचे वाजवणे अवलंबून असते. तिकिटाच्या पैशांनी जागेची किंमत चुकती होते. अवधानाचे देणे मात्र प्रत्येक गाण्यागणिक नव्याने द्यावे लागते, आणि ते दुसऱ्या कोणाला आपल्या वतीने देता येत नाही.