आवड आधीं कीं काम आधीं?

"शाळा संपली, पण कोणत्या धंद्याची आवड आहे हें कळत नाहीं," असें म्हणून पुष्कळ तरुण घरीं बसतात. आवड ठरेपर्यंत थांबणें योग्य आहे काय?

खानदेशांतलेंच उदाहरण घ्या. भवरलाल जैन ह्यांचा जन्म १९३७ सालीं वाकोद गांवीं शेतकऱ्याच्या घरीं झाला. शिक्षण कायद्याचें; पण १९६३ सालीं ते रॉकेल विकूं लागले. पुढें त्यांनीं बियाणें, खतें व ट्रॅक्टर ह्यांचा व्यापार केला. १९७८ सालीं केळ्यांच्या भुकटीचा कारखाना घेऊन तेथें पपईच्या चिकापासून पपेन नांवाचें द्रव्य काढिलें. मग नळ केले, आणि अखेर ठिबक सिंचनानें त्यांचें नांव देशभर झालें. ते रॉकेल विकावयास निघाले तेव्हां ठिबक सिंचन आपल्या शेतकऱ्यांस ठाऊकही नव्हतें. मग त्याची आवड आधीं कोठून असणार? एक काम करितांना शेतकऱ्याची दुसरी गरज दिसत गेली, आणि तींतून पुढचें काम निघालें.

तेव्हां आवड ही बहुधा पेरणीचें बीं नसून पीक असते. म्हणून धंदा रोज बदलावा असें नव्हे. हातचें काम नीट केल्यावांचून पुढली वाट दिसत नाहीं. सर्वांस भांडवल मिळत नाहीं, मोठें नांव तर क्वचितच. पण मुलगा आवडीची वाट पाहत बसला म्हणजे त्याची भाकर कापूस वेंचणारी आईच मिळवीत असते, हें त्यानें विसरूं नये. आईबापांनींही, ध्येय ठरलें नाहीं एवढ्यावरून मुलास आळशी म्हणूं नये. समोर आलेलें प्रामाणिक काम लहान असलें तरी त्यानें तें हातीं घ्यावें. आवड त्याच्या मागून येते असें पुष्कळदां घडतें.