परसातली भट्टी

मुरबाड-शहापूरकडे कोयता ही रोजची वस्तू आहे. राबासाठी फांद्या तोडायच्या, कुंपण छाटायचं, सरपण फोडायचं, सगळ्याला तोच. पुण्याच्या बातम्यांत मात्र त्याच कोयत्यामागे ‘गँग’ हा शब्द लागतो. पातं तेच, पोलाद तेच. मग ते घडवणाऱ्याकडे या सगळ्यातलं किती येतं?

हा प्रश्न आता एकट्या लोहाराचा राहिलेला नाही. व्हिडिओ बघून घरामागे पत्र्याची शेड उभारणारे, ट्रकच्या जुन्या पाट्यापासून सुरी घडवणारे हौशी लोकही आहेत. कामात खरंच गोडी आहे. तापलेलं पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं पुढे नेऊन तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग दोनेकशे अंशांवर पुन्हा तापवायचं, थोडा कडकपणा सोडायचा, तेव्हा चिवटपणा येतो.

कायदा काय म्हणतो? १९५९च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची दखल घेतात, पण घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेलं पातं त्यातून वगळतात. म्हणजे कायदाही नुसतं माप घेऊन थांबत नाही, ‘हे कशासाठी बनवलंस?’ असं विचारतो. अडचण एवढीच, की हेतू पोलादात ओतता येत नाही.

सिद्धगडाचंच बघा. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२मध्ये विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला याच गडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. लोखंडी मनोरा नुसत्या हातांनी पडत नाही, अवजारं लागतात. ती कुणी घडवली, हे कुणी विचारत नाही. श्रेय त्या कारागिराला मिळत नसेल, तर गुन्ह्यातल्या पात्याचा दोष तरी घडवणाऱ्यावर का?

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपलं पातं कुणाच्या हातात जातंय हे कारागिराला माहीत नव्हतं. कारखान्याला ते माहीत असणं शक्यच नाही. गावच्या लोहाराला मात्र माहीत असायचं. त्याची भट्टी रस्त्याकडेला, चारचौघांसमोर. विळा कुणाचा, कोयता कुणाचा, हे सगळा गाव बघायचा. बोथट झालेलं पातं पाजवायला पुन्हा त्याच्याकडेच यायचं, आणि ते कशाने झिजलं हे त्याला कळायचं.

त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही. बलुतं सुगीला मिळायचं आणि काम जन्माने गळ्यात पडायचं. ‘नाही’ म्हणायची सोय लोहाराला फारशी नव्हती. हौशी माणसाचं नेमकं उलट आहे. त्याचं पोट भट्टीवर नाही, त्यामुळे कुणालाही नकार देणं त्याला परवडतं. पण त्याची शेड परसात, घराच्या आड. पातं कुरिअरने अनोळखी पत्त्यावर गेलं की पुन्हा दिसत नाही. लोहाराकडे नजर होती पण नकार नव्हता. याच्याकडे नकार आहे पण नजर नाही.

म्हणून शेड बांधताना ब्लोअर कुठला, ग्राइंडर किती वॅटचा, याच्या आधी एक नियम ठरवावा: जे पातं धार लावायला आपल्याकडे परत येऊ शकेल, तेवढंच घडवायचं. शेजारच्या काकूंची विळी, मित्राची सुरी, वाडीवरच्या कुणाचा कोयता. अशाने सुऱ्या कमी बनतील आणि रीलसाठी चकचकीत खंजीर मिळणार नाही. हेतूची हमी तरीही कुणी देऊ शकत नाही. ओळखीचा हातही चुकतो. पण तो हात कुणाचा हे आपल्याला माहीत असेल, आणि पुढच्या वेळी तो दारात आला तर नाही म्हणता येईल.

आणि जमलं तर शेडचं दार गल्लीकडे उघडणारं ठेवावं.