स्वतःला माफ करणं म्हणजे पळवाट?

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर आमचं वन रूम किचनचं घर आहे. आईला हल्ली विसरायला होतं. एका रात्री विरार लोकलमधून धक्के खात उतरलो, घरी आलो. तिने तिसऱ्यांदा विचारलं, "जेवलास का रे?" मी तिच्यावर ओरडलो. ती दचकून गप्प झाली.

पुढचा आठवडाभर मी स्वतःला शिव्या घालत होतो. 'नालायक मुलगा' एवढंच डोक्यात फिरत होतं. पण त्या आठवड्यात मी आईजवळ एकदाही बसलो नाही. लाज वाटायची, म्हणून उशिरा घरी यायचो. म्हणजे शिक्षा मी स्वतःला देत होतो आणि भोगत होती ती.

समुपदेशकाने विचारलं, "मित्राने हेच सांगितलं असतं, तर त्याला काय म्हणाला असतास?" मी म्हणालो, "चुकलास. आता जा, तिच्याजवळ बस." त्याला नालायक म्हणालो नसतो.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच सांगते : कृतीला चूक म्हणा, अख्ख्या माणसाला नापास करू नका. २००३ मध्ये क्रिस्टिन नेफ यांनी स्व-करुणेचे तीन भाग मांडले : स्वतःशी मायेने वागणं, चुका सगळ्याच माणसांच्या होतात हे ओळखणं, आणि दुःख न दडपता, न फुगवता त्याच्याकडे पाहणं.

मग जबाबदारीचं काय? 'दमलो होतो, झालं' असं म्हणून विषय मिटवता येतोच की. पण ती सबब झाली, करुणा नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायला मला एकच कसोटी सापडली : स्वतःशी मऊ झाल्यावर तुम्ही दुखावलेल्या माणसाकडे जाता की त्याच्यापासून लांब?

आठव्या दिवशी मी आईला म्हणालो, "त्या दिवशी ओरडलो, चुकलं माझं."

"कधी रे?" तिला काहीच आठवत नव्हतं.

म्हणजे तिच्याकडून माफी मिळणं शक्यच नव्हतं. मला फक्त पुढचं वागणं बदलता येणार होतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही गं. चल, दोघं जेवू."