गोळी सुटतानाची तळमळ

गुडघ्याच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर डॉक्टर ट्रामाडॉलसारखी अफूच्या गुणाची गोळी देतात. दुखणे जाते, पण गोळी राहते, असे कित्येकांचे होते. २०१८ साली सरकारने हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले, ते उगीच नव्हे.

मग एखादा भाविक माळ हाती धरून 'आजपासून बंद' असा नेम करतो. एकदोन दिवसांतच नाक-डोळे गळतात, अंग मोडून येते, पोट बिघडते, झोप उडते. तो म्हणतो, देव कोपला! नाही हो. देहाला सवय जडली, तो आपले मागणे मागतो. हे पाप नव्हे, देहधर्म आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनाला हळूहळू आवरावयास सांगितले. मनाला जो न्याय, तोच देहाला. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा पायरीपायरीने उतरवावी. तळमळ काही दिवसांत ओसरते, ओढ मात्र रेंगाळते. तेव्हा नाम घ्यावे; औषधोपचाराच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. आणि सावध असा: मध्ये खंड पडल्यावर पुन्हा जुनीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून प्राणही जाऊ शकतो.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, असे परंपरा सांगते. तिने तो हात झिडकारला का? मग आपणच लाजेने एकटे का कुढावे? घरच्यांना सांगा, सरकारी दवाखाना गाठा, नशामुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर विचारा. त्या हातांतही पांडुरंगच आहे. रामकृष्णहरि!