पात्र आणि चारित्र्य

इंग्रजीत 'कॅरेक्टर' हा एकच शब्द आहे. नाटकातला राजाही कॅरेक्टर आणि माणसाची नीतिमत्ताही कॅरेक्टर. मराठीने हे दोन अर्थ केव्हाच वेगळे काढले. नाटकातले ते पात्र आणि माणसाचे ते चारित्र्य. उर्दूत 'किरदार' म्हटले की ते पुन्हा एकत्र येतात. संगणकावर किंवा मोबाइलवर हजारो माणसे एकाच वेळी खेळतात अशा काल्पनिक जगाच्या खेळांत पहिली पायरी 'कॅरेक्टर बिल्डिंग'ची असते. तिथे आपली मुले पात्र बांधतात की चारित्र्य, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण त्या पायरीवर विचारले जाणारे प्रश्न आपल्या थोर विचारवंतांनी जन्मभर चघळलेलेच आहेत.

वरंधला राहणारा माझा भाचा पहिल्यांदाच असा खेळ खेळायला बसला, तेव्हा सुरुवातीचा तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. घाटाखालचे गाव, पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तरी पोरांना जगभरचे सवंगडी मिळतात. त्याचे प्रश्न असे होते : "मामू, वंश कुठला घेऊ? ताकद जास्त ठेवू की अक्कल? अक्कल आणि शहाणपण हे दोन वेगळे रकाने का आहेत? सज्जन व्हायचं की दुर्जन, हे आत्ताच सांगायचं का? आणि चुकलं तर मागाहून बदलता येतं का?" मला तो खेळ येत नाही. पण प्रश्न ओळखीचे वाटले.

या सगळ्या खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. माणूस म्हणजे सहा गुण, असा त्यांनी हिशेब मांडला : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ती. पुढे संगणकावर आलेल्या अनेक खेळांनी हाच आराखडा थोड्याफार फरकाने उचलला. बुद्धी आणि शहाणपण यांना वेगळे रकाने देणे मला फार मार्मिक वाटते. वरंधपासून जवळच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे लिहिला असे परंपरा सांगते. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे आहेत, आणि त्याच दशकाच्या शेवटी 'पढतमूर्खा'साठी स्वतंत्र समास आहे. म्हणजे बुद्धीच्या रकान्यात अठरा आणि शहाणपणाच्या रकान्यात तीन असलेला माणूस समर्थांना चांगला ठाऊक होता. आपल्याकडेही इल्म आणि हिकमत हे शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. भाच्याला मी एवढेच सांगितले की हे दोन रकाने वेगळे आहेत, हे ज्याला उमगले त्याचा दुसऱ्या रकान्यातला एक गुण वाढला असे समज.

वंशाचा प्रश्न मात्र इतका गोड नाही. या खेळांत एल्फ, बुटके, ऑर्क असे वंश असतात. बरीच वर्षे नियम असा होता की एल्फ जन्मतःच चपळ, बुटका जन्मतःच काटक आणि ऑर्क बळकट पण मंदबुद्धीचा. गुण रक्तात. खेळणाऱ्याला यात काही वावगे वाटत नसे, सोयच वाटे. पण हा फॉर्म महाड तालुक्यात बसून भरताना हात जरा अडखळायला हवा. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या हिशेबाला २० मार्च १९२७ रोजी याच महाडात, चवदार तळ्याच्या पाण्यात ओंजळ घालून डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर सवर्णांच्या विरोधामुळे गावात जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती या परिषदेत. फत्तेखानांचे नाव आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात आदराने घेतले जाते. आपल्या घरांतून मात्र ते किती मुलांना ठाऊक आहे कोण जाणे. त्यांच्या अंगी कुठला गुण किती होता, हे कोणत्याही फॉर्मवर लिहून ठेवलेले नाही. सारा गाव एका बाजूला असताना त्यांनी जमीन दिली, एवढे आपल्याला ठाऊक आहे आणि एवढ्यावर त्यांचे चारित्र्य उभे आहे.

गंमत अशी की खेळवाल्यांनाही हे हळूहळू पटले. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने २०२० मध्ये वंशाचे जन्मजात गुण हवे तिकडे फिरवण्याची मुभा दिली. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तर 'वंश' हा शब्दच काढून टाकला आणि गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे ते आधी काय करत होते याच्याशी जोडली. पन्नास वर्षे लागली, पण लागू द्या.

आता सज्जन-दुर्जनाचा रकाना. खेळाच्या पहिल्याच पानावर आपले पात्र नेक आहे की बद, कायदा पाळणारे आहे की मनमानी, हे निवडून टाकायचे. एक काडीही हललेली नाही आणि माणूस नेक ठरला! इथे माझे या खेळाशी जमत नाही. इमाम ग़ज़ाली (१०५८-११११) यांनी 'इह्या'मध्ये खुल्क म्हणजे काय ते समजावले आहे. मनाची अशी मुरलेली अवस्था, की जिच्यातून कृती सहज, विचार न करता बाहेर पडते. आणि ती कमवायची कशी? तर जे आपण अजून नाही ते मुद्दाम, जोर लावून करत राहायचे. सुंदर अक्षर हवे त्याने चांगल्या कातिबाचे अक्षर गिरवावे. उदार व्हायचे त्याने आधी मन मारून द्यावे, देता देता हात सैल होतो. थोडक्यात, फॉर्म शेवटी भरायचा असतो.

पण ग़ज़ालींचे म्हणणे नीट ऐकले तर ते खेळाच्या बाजूनेही जाते. न जमणारे गिरवणे म्हणजे एका अर्थी सोंगच. आपल्याकडे बहुरूपी येत, कधी पोलीस होऊन, कधी साधू होऊन. मग एखादा पोरगा रोज रात्री दोन तास जखमी सोबत्यांना बरे करणाऱ्या वैद्याचे सोंग आणत असेल, तर त्याचा काही अंश त्याच्यात मुरणार नाही कशावरून? १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी 'अल्टिमा'चा चौथा भाग काढला. तिथे सुरुवातीला गुण वाटत नाहीत, पेच टाकतात. पोहोचवायला दिलेली सोन्याची थैली हातात आहे, वाटेत भिकारी भेटला. अमानत जपाल की दया दाखवाल? पुढे औषधी विकणारी एक आंधळी बाई येते. तिला किती पैसे दिलेत हे तिला दिसत नाही. कमी द्या, कोणी ओरडत नाही. आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा मात्र गुपचूप घटतो, आणि शेवटी दार अडते. असा खेळ मदरशात खेळायला ठेवला तरी माझी हरकत नाही.

तरीही एक फरक उरतोच. २२ जुलै २०२१ च्या पावसात तळीये गावावर दरड कोसळली, महाड शहर पाण्यात गेले. ते पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच्या घरातला चिखल उपसताना कंबर मोडते. खेळातल्या वैद्याची कंबर मोडत नाही. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' ही आपली म्हण आहे. तिच्यात पैशाच्या शेजारी थकव्यालाही बसवायला हरकत नसावी.

भाच्याचा शेवटचा प्रश्न बदलण्याचा. बऱ्याच खेळांत सोय असते. काही नाणी मोजा आणि वाटलेले गुण परत घेऊन नव्याने वाटा. ऐकायला ही तौबाच वाटते. पण आपल्याकडे तौबेतही एक अट आहे. माणसाचे देणे माणसापाशीच फिटते. हुकूकुल इबाद त्या माणसाने माफ केल्याखेरीज सुटत नाहीत. खेळात एकटे असता तोवर हा प्रश्नच येत नाही, कारण राक्षसाचे कोणाला काय देणे? ऑनलाइन खेळात मात्र पडद्यापलीकडे खरी माणसे असतात. हॉलंडमध्ये २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, धमकावून 'रुनस्केप' या खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात घेतला. त्या वस्तू हातात धरता येत नाहीत म्हणून ती चोरीच नव्हे, असा बचाव झाला. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चोरीच आहे. त्या मुलाने त्या वस्तूंसाठी वेळ आणि मेहनत खर्च केली होती. आपल्या फ़िक्हवाल्यांना हा दाखला नक्की आवडेल.

आणि उलटा दाखलाही आहे. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायू झिजवणाऱ्या आजाराने तो खुर्चीला खिळला आणि २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. त्याचे आयुष्य एकाकी गेले, याचेच आईवडिलांना दुःख होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तो 'इबेलिन' होता, धडधाकट आणि पळणारा. कोणाची आईशी तुटलेली बोलाचाली त्याने जोडून दिली होती, कोणाला वाईट दिवसांत रात्र रात्र ऐकून घेतले होते. त्या सोबत्यांतले काही जण परदेशातून त्याच्या दफनाला आले. शरीर सोंगातले होते. ज्या कानांनी त्याने ऐकले ते खुर्चीतल्या मुलाचेच होते.